गॅस्केटवरचा मठार

"हे काय आणलंयस? शेवयांचा साचा?" अण्णांनी विचारलं.

ओरडूनच विचारलं. आमच्या तांबट आळीत हळू कोणी बोलतच नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरोघरी तांब्यावर हातोड्या पडत असतात, त्यामुळे 'चहा घेणार का' हेसुद्धा भांडणाच्या सुरात विचारावं लागतं. नवख्या माणसाला वाटतं, इथं रोज मारामाऱ्या होतात.

समोर उभा असलेला माणूस नवखाच होता, म्हणजे अण्णांच्या दृष्टीनं. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला एक काळा, जळका पत्रा उलगडून त्यानं अण्णांपुढे धरला होता. पत्र्याला चार मोठी गोल भोकं आणि भोवती बारीक भोकांची गर्दी. मी ओट्यावर बसून चिंचेनं घंगाळ घासत होते आणि त्याच्याकडे अजिबात बघत नव्हते. इतकं कसून न बघणं मला त्याआधी कधी जमलं नव्हतं.

"साचा नाही अण्णा, गाडीचं हेड गॅस्केट आहे."

"काय?"

"गॅस्केट," त्यानं आवाज चढवला. "इंजिनाचे दोन भाग असतात, खालचा आणि वरचा. दोघांच्या मध्ये हे बसतं. जाळ जाळाच्या जागी आणि पाणी पाण्याच्या वाटेनं राहिलं पाहिजे, हे याचं काम. हे जळलं की पाणी जाळात शिरतं आणि गाडी बसते."

"म्हणजे दोन भांडकुदळ भावांमधली भिंत."

"अगदी तसंच."

"मग बाजारात मिळत नाही होय?"

"गाडी जुनी आहे. विलायती स्पोर्ट्स कार. कोरेगाव पार्कातल्या मेहेंदळे साहेबांची. हिचं गॅस्केट बनवायचंच बंद झालंय. म्हटलं, तांब्याचं करून घ्यावं, आणि तांब्याचं काम म्हटल्यावर तुमचं नाव निघालं."

अण्णांनी मान हलवली. स्वतःचं नाव निघालं की त्यांना फारसं आश्चर्य वाटत नसे. "स्पोर्ट कार म्हणजे कसली?"

"दोघांनी बसायची. वर टप नाही."

"दोघांचीच? मग पोरंबाळं कुठं बसवायची?"

"ती लग्नाआधीची गाडी आहे अण्णा," तो म्हणाला, आणि मी घंगाळ इतकं जोरात घासलं की चिंचेचा कोळ माझ्या डोळ्यात उडाला.

हा दिगंबर शेवाळे. नाना पेठेत याचं गॅरेज होतं. अण्णा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते आणि मी त्याला वर्षभर बघत होते. ऑफिसात जाताना माझी मोपेड एकदा त्याच्या दारात बंद पडली, त्यानं प्लग साफ करून दिला, आणि पुढे ती मोपेड दर शनिवारी त्याच्याच दारात बंद पडायला लागली. मोपेडचा यात काडीचाही दोष नव्हता.

घोडं अडलं होतं ते अण्णांपाशी. आईला सगळं ठाऊक होतं. तिनं एकदा, नाव न घेता, अण्णांच्या कानावर घातलं होतं की, समजा आपल्या नलीला एखाद्या गॅरेजवाल्याचं स्थळ आलं तर? अण्णा म्हणाले, "आपण घडवणारी माणसं. ते दुसऱ्यानं घडवलेलं उघडणारे. आणि आम्हा वडक्यांची मुलगी तांबटाच्याच घरात जाणार." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला आणि नाशिकच्या एका स्थळाला कळवलं की मुलगी बघायला या. पाहुणे पुढच्याच आठवड्यात यायचे होते. म्हणजे माझ्याकडे वेळ किती होता ते बघा.

तेवढ्यात मेहेंदळे साहेबांच्या गाडीचं गॅस्केट गेलं, आणि दिगंबरला वाटलं की देवच पावला. गिऱ्हाईक म्हणून जायचं, अण्णांच्या मनात भरायचं आणि मग हळूच विषय काढायचा, असा त्याचा बेत. मी म्हटलं, "हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं." तो म्हणाला, "लपवतोय कुठं? गॅस्केट खरंच जळलंय."

अण्णांनी जळका पत्रा उलटापालटा करून पाहिला. "करू. शुक्रवारी ये."

"अण्णा, एक सांगायचं होतं, ते जरा..."

"तांब्यातलं मला सांगतोस?"

"छे छे, नाही," दिगंबर म्हणाला आणि जे सांगायचं होतं ते गिळून टाकलं.

शुक्रवारी ये म्हटलं तरी तो रोज आला. गॅरेज आटपलं की आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. अण्णांनी जाड पत्रा कापला, भोकं पाडली, कानशीनं कडा घासल्या, आणि हा शेजारी बसून चहा पीत मान डोलवत राहिला. अण्णा म्हणाले, स्टीलच्या भांड्यांनी माणसांची पोटं बिघडली. हा म्हणाला, अगदी खरं. याचा स्वतःचा डबा स्टीलचा. अण्णा म्हणाले, मोटारींमुळे पुण्याचं वाटोळं झालं. हा म्हणाला, अगदी बरोबर. मोटारींवर पोट असलेला माणूस! आई आत पदर तोंडाला लावून हसत होती.

"तू गॅरेज बंद कर आणि नंदीबैल होऊन दारोदार फिर," मी त्याला कोपऱ्यावरच्या रसाच्या गुऱ्हाळात गाठून सांगितलं. "गुबुगुबु वाजलं की मान हलवायची."

"एकदा अण्णा हो म्हणू देत. मग बोलेन की खरं."

"लग्नानंतर खरं बोलायला लागलेला पुरुष मी अजून पाहिलेला नाही."

"नली, त्यांना मी आवडायला लागलोय. काल त्यांनी मला दुसरा कप चहा दिला."

ते मात्र खरं होतं. अण्णा कोणाला दुसरा कप विचारत नसत. घरात ते म्हणाले पण, "पोरगा चांगला आहे. ऐकून घेतो." मला हसावं की रडावं कळेना. ऐकूनच तर घेत होता तो.

शुक्रवारी संध्याकाळी दिगंबर आला तेव्हा अण्णा ओट्यावर धुतलेला सदरा घालून बसले होते. मांडीवर लाल फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. नवीन घरात लग्नाची भांडी द्यायची तेव्हाच आमच्याकडे लाल फडकं निघतं.

"उघड," अण्णा म्हणाले.

दिगंबरनं फडकं उलगडलं. आत गॅस्केट होतं आणि ते नुसतं लखलखत होतं. अण्णांनी त्याच्या दोन्ही अंगांना मठार उठवला होता. मठार म्हणजे हातोडीचे नेमके ठोके, एकाला एक लागून, ओळीनं. त्यानं भांडं चमकतं आणि कडक होतं. लोक आमच्या आळीची भांडी घेतात ती त्या चमकीसाठीच. अण्णांचा मठार तर आळीत एक नंबर. प्रत्येक ठोका लहानशा टिकलीएवढा, आणि या भोकापासून त्या भोकापर्यंत एकही ठोका चुकलेला नाही.

"सांगितलं नव्हतंस तू," अण्णा म्हणाले, "पण वडक्यांच्या घरातून बिनमठाराचं काम आजवर बाहेर गेलेलं नाही. माझ्या आजोबांपासून नाही. आणि तुझ्यासारख्या पोराला नागडा पत्रा कसा द्यायचा? आज दिवसभर तेच करत बसलो."

मी दिगंबरच्या तोंडाकडे बघितलं. ते पांढरं पडलं होतं. का, ते मला माहीत होतं. गॅस्केट फरशीसारखं सपाट लागतं आणि मऊ लागतं, तरच दाबल्यावर ते दोन्हीकडून चिकटून बसतं, हे त्यानंच मला रसाच्या गुऱ्हाळात समजावलं होतं. त्या दिवशी गिळलेलं वाक्य ते हेच. आता अण्णांच्या हातात होतं ते गॅस्केट सपाटही नव्हतं आणि मऊ तर मुळीच नव्हतं.

मी वाट बघत होते. आता तरी बोलेल, म्हटलं.

"सुरेख," दिगंबर म्हणाला. "असं काम मी पाहिलेलं नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे त्याचं नशीब. अण्णा इतके खूश झाले की म्हणाले, "उद्या बसवताना मी येणार बघायला."

दिगंबर निघाला तशी मी घंगाळ पोचवायच्या निमित्तानं त्याच्यामागे गेले. गणपतीच्या देवळापाशी त्याला थांबवलं.

"आता काय करणार?"

"बसवणार."

"पाणी थांबेल?"

"नाही थांबणार."

"मग बोलला का नाहीस? तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"काय बोलू? अण्णा, तुमच्या मठारानं गॅस्केट वाया गेलं? आजोबांपासूनचा मठार! मग तू नाशिकला जाशील आणि मी तुझ्या मोपेडचा प्लग साफ करत बसेन."

मला खरंच राग आला होता. नाशिकच्या पाहुण्यांचा नाही, याचाच. मी म्हटलं, "दिगंबर, माझ्या वडिलांना तू आवडलास ते तुला तोंड नाही म्हणून. आणि ज्याला तोंड नाही त्याच्याबरोबर मी जन्म काढायचा? नाशिकवाल्याला निदान मोठ्यानं बोलता तरी येत असेल."

तो गॅस्केट छातीशी धरून गेला.

शनिवारी अण्णा कोट-टोपी घालून नाना पेठेत निघाले. त्यांना ऐकू कमी यायचं, रस्ता ओलांडायला सोबत पाहिजे, म्हणून मी. आईनं मला दारात नुसती डोळ्यांनी खूण केली. गॅरेजमध्ये ती हिरवी गाडी बॉनेट उघडून उभी होती. ठेंगणी, लांबोडकी, आणि पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि दिगंबरनं पुढे केलेल्या खुर्चीवर बसले.

दिगंबरनं इंजिनावर गॅस्केट ठेवलं. ठोक्यांनी तांबं थोडं पसरलं होतं, त्यामुळे भोकं जागेवर येईनात. शेवटी कानशीनं दोन भोकं वाढवून त्यानं ते बसवलं. काळ्या इंजिनावर तो मठार असा काही दिसत होता की रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. अण्णांनी कोटाची बटणं नीट केली.

मग दिगंबरनं हेड उचलून त्याच्यावर ठेवलं.

"आता हे काय?" अण्णांनी विचारलं.

"हे वरचं झाकण, अण्णा."

"म्हणजे मठार झाकला?"

"हो."

"कुठूनच दिसणार नाही?"

"कडेनं रेघ दिसेल. बारीकशी."

अण्णा वाकले, त्यांनी ती रेघ पाहिली आणि परत खुर्चीवर बसले. अख्खा दिवस घालवून काढलेला मठार कोणाच्याच नजरेला पडणार नव्हता, आणि हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की दिगंबरच्या पाठीत पाना घालावासा वाटला.

दिगंबर खाली मान घालून बोल्ट आवळत होता. आधी मधले, मग त्यांच्या बाहेरचे, मग त्याच्याही बाहेरचे. एकदम नाही, थोडे थोडे, पुन्हा फिरून.

"मधून सुरुवात करतोस," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे. मठारही मधूनच काढत जातात. नाहीतर पत्रा रुसतो." तेवढंच काय ते ते बोलले.

सगळं जोडून झालं, पाणी भरलं, आणि दिगंबरनं गाडी चालू केली. काय आवाज होता त्या गाडीचा! आळीत वाढलेल्या मलासुद्धा तो भरदार वाटला. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ते जेमतेम आलं होतं तोच हेडच्या कडेनं पाण्याचे मणी फुटायला लागले. एक, मग दुसरा, मग पूर्ण ओळ. मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि बॉनेटमधून वाफ. दिगंबरनं घाईघाईनं गाडी बंद केली.

"बोल्ट नीट आवळले गेले नाहीत," तो म्हणाला. "माझी चूक आहे अण्णा."

अण्णा उठले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांना लावला आणि त्या कडेवरून बोट फिरवलं. थेंब, कोरडं, थेंब, कोरडं. जन्मभर हातोडी धरलेल्या माणसाला आपल्याच ठोक्यांमधलं अंतर ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"उघड," ते म्हणाले.

"अण्णा, मी परत आवळून..."

"उघड म्हटलं ना."

गार झाल्यावर दिगंबरनं हेड उघडलं. गॅस्केटवर प्रत्येक ठोक्याच्या खळगीत पाण्याचा एकेक थेंब बसला होता.

"मठारानं झालं," अण्णा म्हणाले. "तुला माहीत होतं?"

दिगंबरनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे तोंड केलं. म्हटलं, आता तुझं तू बघ.

"हो," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"लाल फडकं उघडलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता फार बरं वाटतंय मला, नाही? माझ्या ओट्यावर आठवडाभर बसलास. जे म्हटलं त्याला हो म्हणालास. मला वाटलं, पोराला कळतंय, आवडतंय. तू तर मला गोंजारत होतास. कशाला? काय हवं होतं तुला माझ्याकडून?"

"नली," दिगंबर म्हणाला.

आठवडाभर अण्णांशी ओरडून बोलायची सवय झालेली. त्यामुळे हेही त्यानं ओरडूनच सांगितलं. शेजारचा टायरवाला ट्यूब हातात धरून तसाच थांबला.

"मला नली पाहिजे अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणाल, या भीतीनं गप्प बसलो. मठार बघितला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नलीही तेच म्हणाली."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. आता हे कोट झटकतील, मला हाताला धरून घरी नेतील आणि पुढच्या आठवड्यात नाशिकच्या लोकांपुढे पोह्यांची ताटली घेऊन उभी करतील, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

अण्णांनी कोट काढला. घडी घालून माझ्या हातात दिला.

"बत्ती आहे का?" त्यांनी विचारलं. "आणि लाकडी हातोडा?"

दिगंबरनं धातू तापवायची बत्ती पेटवून दिली. अण्णांनी चिमट्यात धरून ते गॅस्केट लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्याच्या बादलीत सोडलं. तांबं चुरचुरलं आणि मऊ पडलं. मग सपाट लोखंडी पाटावर ते ठेवून अण्णा लाकडी हातोड्यानं एकेक ठोका दाबून सपाट करायला लागले. मठार उठवताना मी त्यांना लहानपणापासून पाहिलं होतं. मोडताना त्याच दिवशी पाहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि पुसायला त्यांचा कोटच हातात होता.

"बघ," हातोडा बाजूला ठेवून अण्णा म्हणाले.

दिगंबरनं गॅस्केटवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि एक डोळा मिटून पट्टीखालून बघितलं. पत्रा सपाट असेल तर पट्टीखालून उजेड दिसत नाही. तो बघत राहिला. आता हा पुन्हा 'सुरेख' म्हणाला तर मी खुशाल नाशिकला जाणार होते.

"नाही झालं अण्णा," तो म्हणाला. "उजेड दिसतोय."

अण्णांनी परत तापवलं, परत ठोकलं. "आता?"

"मधे बसलं. डावीकडे नाही."

टायरवाला आत येऊन उभा राहिला होता. माझ्या वडिलांना तोंडावर नाही म्हणणारा माणूस आमच्या आळीत कोणी पाहिलेला नव्हता. अण्णांचे कान लाल झाले होते. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, कानस मागून घेतली आणि डावी बाजू घासली, ठोकली, पुन्हा तापवली.

"आता?"

"पुष्कळ बरं आहे. पण नाही."

अण्णा घाम पुसत त्याच्याकडे बघत राहिले. मग गॅस्केट पाटावर सरळ करता करता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी बोलणी करायला मोठं माणूस कोण आहे?"

माझ्या हातून कोट पडायचाच राहिला. अशा वाक्याची मी वर्षभर वाट बघत होते. दिगंबर मात्र पट्टी धरून वाकलेला, एक डोळा मिटलेला.

"या भोकाच्या कडेला अजून उजेड आहे," तो म्हणाला. "इथं आणखी मारावं लागेल अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. "नले, जेवायला बसला की हा हे असंच बोलणार. चालेल ना तुला?"

"चालेल," मी म्हटलं. "पण तुम्ही आधी ती कड सपाट करा."

अण्णांनी हातोडा उचलला.